दोरी, मोबाईल आणि वन रूम किचन

डोंबिवलीकराला चेपून घेण्याची आणि वर शिस्तीत उभं राहण्याची हौसच असते, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. सकाळची जलद लोकल बघा. फक्त तिथं संमती कुणी विचारत नाही, आणि ठाणं येईपर्यंत 'बास! बास!' म्हणून कितीही ओरडा, कुणी थांबत नाही. बीडीएसएम नावाच्या प्रकारात म्हणे थांबतात. बांधणं, हुकूम सोडणं, हुकूम पाळणं, थोडी वेदना देणं-घेणं, हा सगळा खेळ दोघांनी आधी बोलून ठरवायचा आणि एक परवलीचा शब्द ठेवायचा. तो उच्चारला की खेळ जागच्या जागी बंद.

हे ज्ञान मला आमच्या इमारतीतल्या एका तिशीतल्या तरुणाकडून मिळालं. नाव सांगत नाही. आमच्या सोसायटीत बातमीला लिफ्ट लागत नाही. वन रूम किचनमध्ये आई, वडील, आजी आणि हा. गुपित ठेवायला जागा एकच, मोबाईल. आपल्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असं समजून बिचारा वर्षानुवर्षं झुरत होता. एका रात्री पांघरुणात त्याला इंटरनेटवर कळलं, की याला नाव आहे, नियम आहेत आणि अशी माणसं जगभर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत तर परस्परसंमतीचा हा प्रकार ठेवलेलाच नाही.

"काका, मी आजारी नाही!" जिन्यात तो मला म्हणाला. चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा.

पूर्वी अशा शंका पोस्टानं जात. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' काढत आणि वाचकांच्या कामजीवनाच्या प्रश्नांना छापील उत्तरं देत. १९३४ साली त्या उत्तरांवरून खटला झाला. वकील साक्षात बाबासाहेब आंबेडकर, तरी कर्व्यांना दंड झालाच. उत्तर यायला वेळ लागे, पण देणारा माणूस त्यापायी कोर्टात उभा राहत होता. आता उत्तर दोन सेकंदांत येतं. देणारा कोण, ते ब्रह्मदेवालाच ठाऊक.

शिवाय चित्रफितीत दोरी दिसते, आधीचं बोलणं कापलेलं असतं. गाठीनं नस दबून हात बधिर होतो, जवळ कात्री हवी, गळ्याशी खेळ नको, हे सांगणारा मजकूर लांबलचक आणि रटाळ. तो कोण वाचतो?

आमच्या तरुणाला तिथं एक 'मालकीणबाई' भेटल्या. पहिला हुकूम, फोटो पाठव. दुसरा, पाच हजार पाठव. याने दोन्ही पाळले. तिसरा, आणखी दहा हजार, नाहीतर फोटो आईच्या मोबाईलवर.

"काका, हा खेळातलाच भाग असेल का हो?" पांढराफटक पडून त्यानं विचारलं.

"परवलीचा शब्द लिहून बघ."

त्यानं लिहिला. उत्तर आलं : वीस हजार.

मग मात्र त्याला १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावायला लावला. आत आई कणिक मळत होती, म्हणून फोन गच्चीत. पैशांचं तो घडाघडा बोलला. 'फोटो कसला?' याला उत्तर देईपर्यंत मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा होतो.

परवा तो ठाण्याला तलावपाळीवर एकीला भेटून आला. दोघं दोन तास नुसती बोलत बसली.

"एवढं काय बोललात रे?"

"काय काय चालणार नाही, त्याची यादी केली."

घरी येऊन सौ.ला सांगितलं, की आपल्या लग्नात अशी यादी कुणी केलीच नव्हती.

"माझी तयार आहे," ती म्हणाली, "तुम्ही फक्त कागद आणा. मोठा आणा."