पाठकोरे

वडिलांच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा कायम असे. जुन्या लग्नपत्रिका, उलटून गेलेल्या महिन्यांची कॅलेंडरची पानं, शाळेतल्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका. एका बाजूने कोरं असेल ते सारख्या आकारात कापायचं, दाभणाने भोक पाडायचं आणि दोऱ्यात ओवायचं. त्यावर वाण्याची यादी, दुधाचे खाडे, आणि मध्येच कुठल्यातरी सुभाषिताचा अन्वय. म्हणून जोनाथन एडवर्ड्‌स या अठराव्या शतकातल्या अमेरिकी पाद्र्याबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा त्यांच्या धर्मविचाराच्या आधी मी त्यांच्या कागदांपाशीच अडकले.

एडवर्ड्‌स (1703–1758) मॅसॅच्युसेट्सच्या ब्रिटिश वसाहतीत, नॉर्थॅम्प्टन गावच्या मंडळीचे पाद्री. नरकाच्या ज्वाळांवर कोळ्यासारखा लोंबणारा पापी माणूस त्यांनी 1741 च्या एका उपदेशात उभा केला, तो अमेरिकेतली शाळकरी मुलं अजून वाचतात. असे सुमारे बाराशे उपदेश हस्तलिखितात उरले आहेत, बहुतेक येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात. ही हस्तलिखितं म्हणजे तळहातात मावतील एवढ्या शिवलेल्या वह्या. कागद महाग, घरात अकरा मुलं. मुली विकायला पंखे करत. त्यांच्या कागदाच्या उरलेल्या कातरणांवर बाप देवाच्या कृपेबद्दल टिपणं काढी.

मंडळीतले लोक रविवारी चिठ्ठ्या देत: घरात आजारी माणूस आहे, मूल दगावलं आहे, आमच्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थना झाली की चिठ्ठीची पाठ मोकळी. एडवर्ड्‌स तिथे पुढच्या रविवारची टाचणं लिहीत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला थोडं निर्दय वाटलं. मग वडिलांचा गठ्ठा आठवला. त्यातही एका ओळखीच्यांच्या तेराव्याची पत्रिका होती, आणि तिच्या पाठीवर रवा, गूळ, काडेपेटी.

जपून ठेवायचं म्हणून हे काहीच ठेवलेलं नव्हतं. जपला होता तो उपदेश. त्याच्या पाठीला चिकटून दुकानदाराची बिलं, लग्नाच्या सूचना, दुसऱ्याचं दुःख असं सगळं तगलं. पगारावरून गावाशी वाजलं तेव्हा पाद्रीणबाईंच्या खर्चाचा हिशेब लोकांना हवा होता. सेरा एडवर्ड्‌ससाठी अकरा पौंडांची सोन्याची साखळी आणि लॉकेट घेतलं होतं. वैराग्य सांगणाऱ्याच्या घरात लॉकेट! गाव कुठलंही असो, ही कुजबुज ऐकू येतेच. शेवटी 1750 मध्ये मंडळीने त्यांना काढलं, ते मात्र लॉकेटावरून नव्हे. प्रभुभोजनाच्या पंगतीला कोणाला बसू द्यायचं, हा तो वाद. मग 1751 मध्ये कुटुंब स्टॉकब्रिजला गेलं, मोहिकन लोकांच्या वस्तीतल्या मिशनवर.

या घरातून सर्वांत लांब गेलेला कागद घरच्या कोणाचा नव्हता. डेव्हिड ब्रेनर्ड हा क्षयाने खंगलेला तरुण मिशनरी 1747 च्या ऑक्टोबरात यांच्याच घरी वारला. त्याची शुश्रूषा करणारी सतरा वर्षांची मुलगी जेरुशा पुढच्या फेब्रुवारीत गेली. एडवर्ड्‌सनी ब्रेनर्डची रोजनिशी संपादून 1749 मध्ये छापली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मिशनऱ्यांच्या उशाशी राहिली. 1813 मध्ये ज्या अमेरिकन बोर्डाची माणसं मुंबईत उतरली, ज्यांच्या मिशनने पुढे नगरला मुळं धरली आणि ‘ज्ञानोदय’ काढला, त्या बोर्डाच्या पहिल्या सदस्यांत एडवर्ड्‌सचा नातू टिमथी ड्वाइट होता.

मला स्वतःला या कुटुंबात सर्वांत जवळची वाटते ती एस्थर. तिचं लग्न एरन बर या पाद्र्याशी झालं. ते प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष. 1754 पासून तीन वर्षं ती बॉस्टनच्या मैत्रिणीला पत्ररूपाने रोजनिशी लिहीत होती. तान्ही मुलं, न संपणारे पाहुणे, धुणं, आणि त्यातून चोरलेली अर्धी घटका. एकदा कॉलेजातला एक शिक्षक म्हणाला, बायकांना मैत्री म्हणजे काय ते कळत नाही. एस्थरने त्याला बोलून बोलून पार गप्प केलं, आणि मैत्रिणीला ते ठसक्यात कळवलं. वडिलांच्या ग्रंथांत असा ठसका मला कुठे सापडला नाही.

पुढची पत्रं वाचताना तारखांकडे बघवत नाही. सप्टेंबर 1757 मध्ये एस्थरचा नवरा वारला. त्याच्या जागी एडवर्ड्‌सना बोलावलं. देवीची साथ होती म्हणून त्यांनी टोचून घेतलं, आणि त्यातूनच आलेल्या देवीने 22 मार्च 1758 ला गेले. स्टॉकब्रिजला बातमी पोचली तेव्हा सेराची मान इतकी धरली होती की लेखणी धरवत नव्हती. तरी 3 एप्रिलला तिने एस्थरला चार ओळी लिहिल्या: देवाने काळ्या ढगाने झाकलं आहे, तरी त्याच्या छडीचं चुंबन घेऊ या. खाली दुसऱ्या मुलीने जोडलं की आईला मानेमुळे याहून जास्त लिहिता येत नाही. एस्थर 7 एप्रिलला वारली. पोरक्या नातवंडांना आणायला निघालेली सेराही ऑक्टोबरात फिलाडेल्फियात हगवणीने गेली. त्या नातवंडांतला दोन वर्षांचा एरन मोठेपणी देशाचा उपाध्यक्ष झाला, आणि द्वंद्वात त्याने हॅमिल्टनला मारलं. ती गोष्ट सर्वांना माहीत असते.

उरतात कायद्याचे कागद. एक खरेदीखत आहे, जून 1731 चं. एडवर्ड्‌स न्यूपोर्ट बंदरात गेले आणि एका खलाशाकडून ऐंशी पौंडांना चौदा वर्षांची एक मुलगी विकत घेतली. नाव व्हीनस. इकडे पुण्यात शनिवारवाडा उभा राहत होता, आणि आपल्या दप्तरांतही कुणबिणींच्या किमती आहेत, त्यामुळे मला नाक मुरडायची सोय नाही. पुढे त्यांच्या घरातली लीआ नावाची दासी मंडळीची सभासद झाली. ती हीच व्हीनस, नाव तेवढं बदललेलं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तिच्या हातची एक ओळ नाही. प्रार्थनेची चिठ्ठीही नाही.

मग एक कच्चा मसुदा. शेजारच्या एका पाद्र्याला गुलाम बाळगल्याबद्दल त्याच्या मंडळीने जाब विचारला होता. त्याच्या बचावाची ही टिपणं. आफ्रिकेतून नवी माणसं पकडून आणू नयेत, पण आहेत ती बाळगायला हरकत नाही, असा एकूण सूर. तोडलेले शब्द, गिचमिड अक्षर. 1997 मध्ये ते पहिल्यांदा वाचून छापलं गेलं. आणि 1758 ची मालमत्तेची यादी. तिच्यात गुराढोरांच्या रकान्यात टायटस नावाचा काळा मुलगा, किंमत तीस पौंड.

या कागदांचा गठ्ठा पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाकडे, धाकट्या जोनाथनकडे गेला. तोही पाद्री झाला, आणि 1791 मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक कडक उपदेश दिला. यादी झाली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. स्टॉकब्रिजमध्ये त्याचे सवंगडी मोहिकन. इतके की मनातले विचारसुद्धा आपल्याला त्यांच्याच भाषेत येत, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. टायटसबद्दल त्याने काही लिहिल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. पण एकाच अंगणातली पोरं ती. टायटसची हाक त्याला भिंतीपलीकडूनही ओळखू येत असणार.