दिवाणजी

दिवाणजी राजे कधी झाले नाहीत. राजाच्या शेजारी, एक पायरी खाली, मांडीवर दप्तर घेऊन बसायचं आणि गादीवरचा माणूस बदलला तरी आपली बैठक सोडायची नाही, हा त्यांचा खाक्या. ससानी गेले, खलिफा गेले, मोगल गेले, कंपनी सरकार गेलं. दिवाणजी प्रत्येक वेळी पुढच्या धन्याकडे रुजू झाले. मात्र तुम्ही त्यांना कुठल्या दाराने भेटता, यावर ते कोण हे ठरतं. बंदरात उतरलेल्या व्यापाऱ्याला ते जकातनाका वाटले, शायराला वही, परदेशी राजदूताला मऊ बैठक आणि कुळाला सारा वसूल करणारं सरकार. ज्याला जे दिसलं, त्याने तेच त्यांचं नाव म्हणून घरी नेलं.

घराणं लिहिणाऱ्यांचं. फारसीत ‘दीवान’ म्हणजे आधी नोंदवही, आणि मग ती वही जिथे ठेवायची ती कचेरी. तिच्यामागे जुन्या फारसीतला ‘दिपि’ म्हणजे लेख हा शब्द उभा आहे, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘दिपि’ आला एलामी भाषेतून, तिथे तो पोचला अक्कदी ‘तुप्पु’वरून, आणि त्याच्याही मागे सुमेरी ‘दुब’. दुब म्हणजे मातीची पाटी. थोडक्यात, दिवाणजींचे पूर्वज मेसोपोटेमियात ओल्या मातीवर बोरूने धान्याचे आणि मेंढरांचे हिशेब कोरत होते.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडे फार लवकर आली. अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात ‘ध्रमदिपि’ असं कोरलेलं आहे, तर इतर ठिकाणच्या लेखांत ‘धंमलिपि’. ‘दिपि’ची ‘लिपी’ झाली ती अशीच, असं मत आहे. ते धरलं तर आपली लिपी ही दिवाणजींची सख्खी नातलग ठरते. दुसरा नातलग ‘दबीर’, म्हणजे लेखनिक. मराठी मुलखात तो ‘डबीर’ झाला आणि शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी पत्रव्यवहार सांभाळू लागला. १६७४च्या राज्याभिषेकानंतर पदांना संस्कृत नावं मिळाली आणि डबीर ‘सुमंत’ झाले. रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तोही फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठीच. तरी डबीर हे आडनाव म्हणून टिकलं. दप्तरातली माणसं सहजासहजी दप्तराबाहेर जात नाहीत.

दिवाणजींच्या जन्माबद्दल एक वावडीही आहे. चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून ती सांगतो. इराणच्या बादशहाने आपले कारकून तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत बसलेले पाहिले आणि तो म्हणाला, ‘दिवाने!’ त्यावरून कचेरीचं नाव दीवान पडलं. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य नाही. ‘दिवाना’ हा ‘देव’पासून निघालेला वेगळा शब्द, आणि इराणात देव म्हणजे राक्षस. पण मार्चअखेरीस कुठल्याही लेखा विभागात डोकावणाऱ्याला बादशहाचं म्हणणं पटावं.

अरबांनी इराण जिंकला तेव्हा त्यांच्या हाती प्रचंड लूट लागली आणि ती वाटायची कशी हा प्रश्न पडला. खलिफा उमर यांनी इ. स. ६४०च्या सुमारास सैनिकांची आणि त्यांच्या वेतनाची नोंदवही सुरू केली, तिचं नाव दीवान. पुढे प्रत्येक खात्याचा दीवान झाला, आणि सातवं शतक संपता संपता या दप्तरांची भाषा फारसी आणि ग्रीकवरून अरबी करण्यात आली. भाषा बदलली, दिवाणजी जागच्या जागी. भूमध्य समुद्राच्या बंदरांवर त्यांचं खातं आल्यागेल्याच्या मालावर जकात घेत असे. ११८३ साली हजला निघालेला अंदालुसी प्रवासी इब्न जुबैर अलेक्झांड्रियाला उतरला. तिथल्या दीवानात उतारूंच्या कंबरपट्ट्यांतसुद्धा हात घालून झडती घेतली, ही त्याची तक्रार आजही वाचायला मिळते. अशा बंदरांतून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी हा शब्द घरी नेला तो त्याच अर्थाने. इटालियनमध्ये ‘दोगाना’, स्पॅनिशमध्ये ‘आदुआना’, फ्रेंचमध्ये ‘दुआन’. पॅरिसच्या विमानतळावर बॅग उघडायला सांगणारी पाटी दिवाणजींचीच.

शायरांनी मात्र यांतलं काही पाहिलं नाही. त्यांना भेटली ती वही. एका कवीच्या गझलांचा संग्रह म्हणजे त्याचा दीवान. पण इथेही दिवाणजींचा मूळ स्वभाव लपत नाही. दीवानात गझला लिहिल्या त्या क्रमाने येत नाहीत. ओळ ज्या अक्षरावर संपते, त्या अक्षराच्या वर्णानुक्रमाने लावल्या जातात. विरह असो की मद्य, नोंद आपापल्या खान्यात. हाफिजचा दीवान इराणात घरोघरी असतो आणि लोक डोळे मिटून पान उघडून त्यात कौल बघतात. तोच दीवान जर्मन भाषांतरात वाचून कवी गटेने १८१९ साली आपल्या कवितासंग्रहाच्या नावातच ‘दिवान’ घातलं. आपल्या दख्खनचा मान याहून जुना. दख्खनीत दीवान असलेला पहिला शायर म्हणून हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशहाचं नाव घेतात. पुढे औरंगाबादच्या वलीचा दीवान अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत पोचला, आणि फारसीत लिहिण्यात धन्यता मानणाऱ्या तिथल्या शायरांना बोलीतल्या गझलेची गोडी लागली.

वहीचं आसन झालं ते इस्तंबूलमध्ये. उस्मानी सुलतानाचं मंत्रिमंडळ म्हणजे दीवान. तोपकापी राजवाड्यातल्या घुमटाखालच्या दालनात, भिंतीलगतच्या लांब गादीवर वजीर बसत आणि सुलतान वरच्या जाळीदार खिडकीआडून कानोसा घेई. युरोपीय राजदूतांना राज्यकारभार किती कळला कोण जाणे, गादी मात्र फार आवडली. खात्याचं नाव खुर्चीला मिळालं. रशियनमध्ये ‘दिवान’ म्हणजे सोफा, हंगेरियनमध्येही तेच. पोलिश लोकांनी आणखी खाली बघितलं. त्यांचा ‘दिवान’ म्हणजे गालिचा. सर्बियाच्या उत्तरेकडे ‘दिवानिती’ म्हणजे गप्पा हाणणं, म्हणजे मंत्रिमंडळात प्रत्यक्षात काय चालतं ते त्यांनीच नेमकं ओळखलं. लंडनमध्ये १८२८ साली सिगार ओढत बसायचा एक ‘दिवान’ निघाला. पुढे तो सिम्प्सन्स म्हणून गाजला आणि १८५१ साली तिथेच अँडरसन आणि किझेरित्स्की यांच्यात बुद्धिबळाचा तो ‘अमर डाव’ रंगला.

एवढी प्रसिद्धी म्हटल्यावर नामसाधर्म्याचे घोटाळे व्हायचेच. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात १९७७पासून ब्रेटन भाषेच्या ‘दिवान’ शाळा चालतात. तिथे दिवान म्हणजे अंकुर. आपल्या दिवाणजींशी काडीचा संबंध नाही. सर्बियनमध्ये ‘दिवान’ असं विशेषणही आहे, अर्थ ‘सुंदर’. तेही परक्या घरचं. पंजाबातला दीवान मात्र घरचाच. गुरुद्वाऱ्यात संगत कीर्तनाला बसते, त्या सभेला दीवान म्हणतात.

हिंदुस्थानात दिवाणजींचा खरा दरारा पैशाचा. मोगल सुभ्यात सुभेदाराकडे फौज आणि दिवाणाकडे महसूल, म्हणजे दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी. १६५०च्या दशकात दख्खनचा दिवाण मुर्शिद कुली खान होता. तोडरमलाची जमीनमोजणी आणि सारा ठरवायची रीत त्याने इकडे आणली. १२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाह आलमने वर्षाला २६ लाख रुपयांच्या बदल्यात बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. राज्य मागितलं नाही, वही मागितली. वही हाती आली की राज्य आपसूक येतं, हे कंपनीच्या क्लाइव्हला कळलं होतं. पुढे १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने पैशाच्या आणि मिळकतीच्या भांडणांसाठी दिवाणी अदालत आणि गुन्ह्यांसाठी फौजदारी अदालत काढली. संस्थानांत दिवाणजींनी उतारवय मानाने काढलं. १८७४ साली दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण झाले, त्यांच्यामागून सर टी. माधवराव आले, पोरबंदरच्या एका दिवाणाचा मुलगा पुढे महात्मा झाला.

प्रत्येक भाषेने दिवाणजींचं एखाददुसरं रूप घेतलं. मराठीने जवळजवळ सगळीच ठेवून घेतली. जुन्या पत्रांत दिवाण म्हणजे सरकार. अडतीच्या दुकानात तराजूमागे पट्टी लिहीत बसलेले दिवाणजी. घरातली पाहुण्यांची खोली दिवाणखाना, आणि फर्निचरवाल्याकडचा खाली गोधड्या ठेवायची पेटी असलेला दिवाण. कोर्टात दिवाणी दावा. ही सगळी रूपं एकाच घरात एकत्र आणायची युक्तीही आपल्याला साधलेली आहे. वडील जातात, दोघे भाऊ वाटण्या मागतात, वाड्याचा दिवाणखाना कुणाकडे यावर अडतं आणि दिवाणी दावा लागतो. तारखा पडत राहतात. दोघेही म्हातारे होतात, आणि निकाल लागेपर्यंत कुणी काही हलवायचं नाही म्हणून मधल्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, एकेका दिवाणावर बसून राहतात. फी दोघांकडून जाते, आणि दप्तर दिवाणजींचंच वाढतं.