हरिपाठाच्या साथीला टॅब

तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे जाते, तेव्हा वाटेत आमचं भांडगाव लागतं. टाळ-पखवाजाच्या या वाटेवर टॅब कशाला, असं कुणी विचारेल. पण गाणं शिकू पाहणाऱ्या पोरांना रोज पहाटे तंबोरा आणि ठेका कोण देणार?

दुकानदार कॅमेऱ्याचं कौतुक सांगतो. मला विचारायचं असतं, की पडद्यावर बोट पडल्यावर सूर किती लवकर निघतो. 10-20 मिलिसेकंद खपून जातात. ब्लूटूथ स्पीकरला बहुधा 100 च्या वर लागतात, आणि समेवर येताना तेवढ्यानं जीव कासावीस होतो. म्हणजे वायर हवीच. 2021 च्या नवव्या पिढीच्या आयपॅडला हेडफोन जॅक होता. 2022 च्या दहाव्या पिढीत तो गेला. नवव्या पिढीच्या आयपॅडवर गॅरेजबँड हे वाजवायचं अ‍ॅप फुकट. धड बॅटरीचा, वापरलेला तो मिळाला तर वाजवायला मी तोच घेईन. नुसता तंबोरा लावून अभंग वाचायचे, तर साधा अँड्रॉइडही पुरतो; तिथे उशिरानं काही बिघडत नाही.

उद्या पुण्याला निघालोय. भजनी मंडळाच्या मिक्सरची वायर पिशवीत टाकली आहे. दुकानातच जोडून, वाजवून बघणार.