मागच्या सीटवर कोण?

उघड्या गाडीचे फैजपूरला नवल नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले, तेव्हा अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली होती. नंदलाल बोसांनी बांबू-चटयांनी सजवलेले ते टिळकनगर केव्हाच उठले. पण रथाची गोष्ट निघाली की म्हातारी माणसे अजून ताठ बसतात.

गेल्या दिवाळीत आबांकडे गेलो होतो. आबा माझे मावसभाऊ. सावद्याहून येणारा रस्ता, दुतर्फा केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर ओट्यावर अंग टाकावे, तर आबांनी फोन पुढे केला. पडद्यावर दोन लाल गाड्या, दोन्ही बिनटपाच्या.

त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला जुनी इटालियन गाडी घ्यायची होती. "तू शिकलेला, तूच सांग," आबा म्हणाले. मराठी शिकवणाऱ्याला मोटारींतले काय कळणार? पण आमच्या नातेवाइकांत एम. ए. म्हणजे सर्वज्ञ! रात्री जागून वाचणे आले.

एक अल्फा रोमिओ स्पायडर, दुसरी फियाट १२४ स्पायडर. दोघींचा जन्म १९६६ चा, दोघींचे रूप पिनिनफरिनाच्या घरचे. म्हणजे एका अंगणात वाढलेल्या मुली. पाच गिअर आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक दोघींनाही. अल्फा अधिक नखरेल. तिच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या गाड्यांची शेपटी होडीसारखी निमुळती आहे. ती पाहून माझ्यासारखा अरसिकही क्षणभर हलला. तिचे कॅमशाफ्ट साखळीवर फिरतात, फियाटचे पट्ट्यावर. तो पट्टा मुदतीत बदलावाच लागतो. गंज मात्र दोघींचा सारखाच वैरी. तेव्हा रंगावर भाळू नये, खाली झोपून गाडीचा तळ पाहावा. (स्थळ पाहतानाही हे साधले असते तर!)

सकाळी आबांना खळ्यात नेले. तिथे त्यांची प्रीमियर ११८ एनई धूळ खात उभी. १९८५ मध्ये कुर्ल्याच्या कंपनीने काढलेली ही गाडी. अंग फियाट १२४ च्या घराण्यातले, इंजिन निस्सानचे. "आबा, त्यातली एक हिचीच चुलत बहीण," मी म्हणालो. आबांनी टपावरून हात फिरवला. याच गाडीतून त्यांनी मुलाला वसतिगृहात पोचवले होते. सहा वर्षांत तो घरी आला नव्हता. येत्या उन्हाळ्यात ही दोघेच प्रथम तिकडे जाणार होती.

"ते समदं खरं," आबा म्हणाले, "पन मांगे कोन बसीन?"

माझे वाचन इथे कामी आले. अल्फात दोघांचीच जागा. फियाटला मागे एक अरुंद बाक तरी आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी सांगितले, "फियाट घे."

तो हसला. "काका, मागची सीट नावालाच आहे. तिथं बॅगा ठेवतात."

वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, ओट्याच्या कोपऱ्यात पाय दुमडून अंग चोरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्याले सांगा, इतकी जागा असली तं पुरे."