फॉन्टसकट

संगणकाला वेळेचा अंदाज येत नाही, हे मी आता धरूनच चालते. जुन्या मशीनवरचं सगळं पोर्टेबल हार्डडिस्कवर घ्यायला लावलं की तो आधी म्हणतो वीस मिनिटं, थोड्या वेळानं तीन तास, मग अचानक पंचेचाळीस सेकंद. आणि त्या पंचेचाळीस सेकंदांत चहा करून, पिऊन, कपबशी विसळून होते. तो खोटारडा मुळीच नाही. आत्ताच्या वेगावरून तो पुढचा हिशेब मांडतो, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कळत नसतं. लग्नाचा एक गिगाबाइटचा व्हिडिओ एका दमात निघून जातो. तेवढ्याच आकारमानाच्या हजारो चिटुकल्या फायली मात्र जीव काढतात, कारण प्रत्येकीचं नाव नोंदवायचं, तारीख टिपायची, जागा शोधायची आणि मगच पुढचीला हात घालायचा. घर हलवताना कपाट दोघा माणसांत खाली उतरतं. संध्याकाळ खातात त्या फडताळातल्या डब्या-बाटल्या.

इथे मात्र जागचं काहीच हलत नाही. नक्कल पलीकडे तयार होते, मूळ जिथल्या तिथे. ‘कट’ करून न्यायची सोय आहे, पण माझ्या ओळखीत तेवढं धाडस असलेलं कुणी नाही. एकाच डिस्कवर या फोल्डरातली फाइल त्या फोल्डरात नेली तर फक्त तिचा पत्ता बदलतो, म्हणून ते क्षणात होतं. दुसऱ्या डिस्कवर नेताना संगणक आधी नक्कल करतो आणि मग मूळ पुसतो. म्हणजे ‘कट’सुद्धा आतून भित्रंच.

या डबीत एक टेराबाइट मावतं, असं खोक्यावर छापलंय. जोडल्यावर 931 गिगाबाइट दिसतात. हे काही मापात पाप नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या. 1956 साली आयबीएमनं पहिलं हार्डडिस्कचं यंत्र विकायला काढलं, तेव्हा त्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरं. बाबांच्या टेबलावरच्या साडेतीन इंची फ्लॉपीत 1.44 मेगाबाइट मावायचं, आणि मजकूर तेवढाच असेल तर एक अख्खी कादंबरी शर्टाच्या खिशातून छापखान्यात जायची. 2000 साली पेनड्राइव्ह बाजारात आला तो आठ मेगाबाइटचा. पाच फ्लॉप्यांचा ऐवज बोटाएवढ्या कांडीत, म्हणून लोक तो गळ्यात अडकवून मिरवायचे.

लिहिलं जातं तेही मोठं नाजूक. डिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते आणि वाचणारं-लिहिणारं टोक तिला न शिवता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. खाली चुंबकाचे बारीक ठिपके दिशा बदलत राहतात. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात त्यातली स्मृती घडवली; तिच्यात इलेक्ट्रॉन चारी बाजूंनी कोंडून ठेवतात आणि त्यांचं असणं-नसणं म्हणजेच अक्षर. मात्र ते कायमचे कोंडून राहत नाहीत. वर्षानुवर्षं वीज न मिळता कांडी खणात पडून राहिली तर ते हळूहळू निसटतात. नाणेघाटाच्या लेण्यातली अक्षरं दोन हजार वर्षं पावसाळे काढतायत. त्यांची नक्कल करायला घाट चढावा लागायचा, हे खरं.

आमच्या घरी अक्षरजुळणीचं काम चाले. खिळ्यांचं नव्हे, त्यानंतरचं, डीटीपीचं. दिवाळी अंकांचं मॅटर श्रावणातच यायला लागे आणि गणपती उठेपर्यंत प्रुफांचे ढीग पलंगावर चढलेले असत. ते सगळं या मशीनमध्ये आहे. कॉपी चालू असताना फायलींची नावं पडद्यावरून सरकतात आणि मी ती वाचत बसते : कविता_दुरुस्त, संपादकीय_जोशीकाका, मुखपृष्ठ_लाल, जाहिरात_पेढेवाले. काही नावं पुरती वाचून होण्याआधीच पलीकडे गेलेली असतात. नक्कल झालेल्या फायलीच्या तारखा तर बघण्यासारख्या. ‘क्रिएटेड’ म्हणून आजचा दिवस, ‘मॉडिफाइड’ म्हणून 1998 मधली ऑक्टोबरची एक रात्र. म्हणजे शेवटची दुरुस्ती आधी आणि जन्म नंतर.

पण त्यातली एखादी फाइल नव्या संगणकावर उघडून बघावी. नक्कल शंभर टक्के बरोबर असते आणि पडद्यावर दिसतात तिरक्या रेघा, टोप्या घातलेले रोमन स्वर, चौकोन, डॉलरची चिन्हं. त्या काळच्या मराठी फॉन्टांत आपल्या अक्षरांना स्वतःची जागाच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या आणि युरोपीय चिन्हांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धा त, पाऊण श बसवलेले. फायलीत साठवलेलं भलतंच असायचं. फॉन्ट असेल तर ते मराठी दिसायचं. त्यातही श्रीलिपीची मांडणी एक, सी-डॅकची दुसरी. दोन्ही पुण्यातल्याच, पण एकीचं लिहिलेलं दुसरीला वाचता येईना. 2000 साली विंडोजबरोबर ‘मंगल’ आला आणि युनिकोडमुळे मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. आधीचं सगळं मात्र पलीकडच्या काठावर राहिलं.

फॉन्ट बदलून देणारी साधनं आहेत, मीही वापरते. जुन्या फायलीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर. साधनाला प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवावी लागते. रफाराचंही तसंच, आणि तिथे पाय घसरला की कर्वे यांचे ‘कवेर्’ होतात. बाबांनी हे पाहिलं असतं तर लाल पेन शोधलं असतं.

पोथ्या उतरवणाऱ्यांचीही अशीच तारांबळ होत असणार. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळा वरच्यावरून खालच्यावर घसरतो आणि मधली ओळ गळते. पुढचा लेखक ती गळालेलीच प्रत उतरवतो, आणि एखादा शहाणा अर्थ लागत नाही म्हणून स्वतःची ओळ घालतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ साचले म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद लिहून ठेवली. संगणकाला झोप येत नाही आणि शहाणपणाही सुचत नाही. तरी साधी कॉपी करताना तो लिहिलेलं परत वाचून मुळाशी ताडून बघतोच असं नाही. ते आपण करून घ्यायचं : दोन्ही फायलींचा हॅश काढायचा, चौसष्ट चिन्हांची एक माळ निघते, दोन्ही माळा सारख्या तर नक्कल चोख. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी माळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. इतका कडक प्रूफरीडर मी पाहिला नाही. अर्थात ‘कवेर्’ त्याला चालतं. मुळात ‘कवेर्’ असेल तर नकलेतही तेच हवं, एवढंच त्याचं म्हणणं.

कॉपी संपली असं संगणक म्हणाला तरी लगेच वायर उपसू नये. थोडं लिहायचं त्यानं मनात राखलेलं असू शकतं. ‘काढून घ्या’ म्हटल्यावर ते तो उतरवतो. कधी कधी म्हणतो, डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय ते सांगत नाही. मी सगळ्या खिडक्या बंद करते, तरी तेच. शेवटी मशीनच बंद करते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर, असा पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रुळवलेला नियम आहे. घराबाहेरची प्रत मी नागपूरला मावसभावाकडे कुरियरनं पाठवली. त्याचा फोन आला.

“ताई, उघडली बरं का तुझी डिस्क. सगळा चिनी कारभार दिसतोय यात. खराब झाली की काय वाटेत?”

“नाही रे. ‘फॉन्ट’ नावाचं फोल्डर आहे बघ. आधी ते टाक तुझ्या कॉम्प्युटरवर.”

“ते होय? त्यात नुसत्या कसल्यातरी बारीक फायली आहेत. मी म्हटलं जागा अडवतायत, उडवून टाकू.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “वाटल्यास लग्नाचा व्हिडिओ उडव.”