स्टेटस, काळी फीत आणि कोगनोळीचा नाका

शहापूर, बेळगाव

चि. बाळू यास,


गावच्या तरुण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन राहावं की सोडावं, असं तू विचारलंस. कानडी-मराठी वाद पेटला की ग्रुपवर वाटेल ते येऊन पडतं आणि उद्या पोलिसांनी विचारलं तर आपलंच नाव पुढे, ही तुझी धास्ती. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: राहा. का राहावंस ते मात्र सविस्तर लिहिते. इंटरनेटवरचं बोलणं, त्यावरची बंदी आणि खासगीपणा हे बंगळूर-दिल्लीच्या वकिलांचे विषय आहेत, असं आपल्या भागात अजूनही समजतात. पण निपाणी-बेळगावच्या माणसाइतकी या विषयांची गरज क्वचितच कुणाला असेल.

आधी ॲडमिनचं पाहू. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने दुसऱ्या महिला सदस्याविषयी घाणेरडा मजकूर टाकला आणि गुन्ह्यात ॲडमिनचंही नाव आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनला माणूस ग्रुपमध्ये घेता येतो आणि काढता येतो. कोण काय लिहील हे त्याला आधी कळत नाही, त्यामुळे संगनमत दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी तो गुन्हेगार ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल कर्नाटकातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तिथे आधार म्हणून दाखवता येतो. तेव्हा या बाबतीत निर्धास्त राहा.

आता जरा जवळचं, हातकणंगल्याचं प्रकरण सांगते.

ऑगस्ट 2022 ची गोष्ट. मूळचे बारामुल्लाचे एक काश्मिरी प्राध्यापक कोल्हापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवत होते. शिक्षक आणि पालकांच्या ग्रुपमध्ये ते होते. त्यांनी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, कलम 370 काढल्याचा आम्हाला आनंद नाही, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं. हातकणंगले पोलीस ठाण्यात नोंदलेला गुन्हा पुसायला मार्च 2024 उजाडावा लागला. गटागटांत वैर पसरवल्याचं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 153-अ त्यांना लावलं होतं. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. मग सर्वोच्च न्यायालयात 7 मार्च 2024 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला.

त्या निकालाचं सार तुला माहीत असायला हवं. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा, त्या दिवसाला काळा दिवस म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे. तो निषेध आहे. दुसऱ्या देशाच्या लोकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गैर काही नाही, आणि लिहिणाऱ्याचा धर्म पाहून त्याच्या मनात हेतू चिकटवता येणार नाही. शब्दांचा परिणाम मोजताना विचारी आणि खंबीर मनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, उठसूट बिचकणारा नव्हे. ही कसोटी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधीच घालून दिली होती. अभिव्यक्तीच्या हक्काची ओळख पोलिसांना करून देण्याची वेळ आली आहे, असंही न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

आता आपल्याकडे ये. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून झगडणारी महाराष्ट्र एकीकरण समिती 1956 पासून दर 1 नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळते. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे दंडाला काळ्या फिती बांधून निघालेली फेरी. राज्याच्या वाढदिवशी निषेध करणं हा द्रोह आहे, असं म्हणणारे इथे दरवर्षी भेटतात. तेव्हा आपण म्हणतो, शांतपणे निषेध करण्याचा आम्हाला घटनेने हक्क दिला आहे. बरोबरच आहे ते. पण त्या प्राध्यापकांच्या स्टेटसला आणि आपल्या फितीला आधार एकाच कलमाचा आहे, 19 (1) (अ) चा. त्यांच्यावर गुन्हा झाला तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी आपल्याच फितीवर घाव घातला. मला हे फार मनापासून वाटतं, बाळू.

बेळगावातल्या बोलण्यावरून असा खटला पूर्वीही झाला आहे. 1916 च्या एप्रिलअखेर बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी लोकमान्यांनी होमरूल लीग उभी केली आणि 1 मे रोजी इथेच स्वराज्यावर मराठीत भाषण केलं. सरकारी लघुलेखक टिपणं घेत होते. ती टिपणं इंग्रजीत गेली, त्यांत अहमदनगरच्या दोन भाषणांची भर पडली आणि जुलैत, ऐन साठीच्या सत्काराच्या दिवसांत, टिळकांना नोटीस आली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि 9 नोव्हेंबर 1916 रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण सबंध वाचलं पाहिजे, इकडचं-तिकडचं तिखट वाक्य उचलून बोलणाऱ्याला दोषी धरता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. आज लघुलेखकाची जागा मोबाइलने घेतली आहे. तासाभराच्या भाषणातले वीस सेकंद कापून पाठवायला कुणाच्या हुकमाची गरज लागत नाही.

अशा तुटक्या तुकड्यांनी सीमाभागात काय होतं, ते आपण डिसेंबर 2021 मध्ये पाहिलं. बंगळूरच्या सदाशिवनगरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरला, रात्री बेळगावात लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली आणि अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. दोन्ही पुतळे इंग्रजांच्या किंवा मोगलांच्या सत्तेशी लढलेल्या वीरांचे. एकाचा अपमान दुसऱ्याच्या अपमानाने भरून निघत नाही, हे जमावाला त्या रात्री सांगणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी तर नेत्यांच्या नावाची खातीच मैदानात उतरली. नोव्हेंबर-डिसेंबर 2022 मध्ये जत, सोलापूर, अक्कलकोट यांवरून ट्विटरवर दोन्ही बाजूंनी दावे सुरू होते. 6 डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. त्या दगडांनी फुटलेल्या काचांमागे बसलेल्या चालकांचा सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाशी किंवा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याशी काय संबंध होता? पाटीवर एमएच होतं, एवढाच. 14 डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी तेव्हाचे दोन्हीकडचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई यांना समोरासमोर बसवलं. दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली आणि बैठकीनंतर शहांनी सांगितलं, बड्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती काढून तेल ओतलं गेलं, त्यांच्यावर गुन्हे नोंदवले जातील. बनावट खात्याला आवर घालणं योग्यच. पण तोवर त्या ट्विटवर विश्वास ठेवून कितीतरी मराठी आणि कानडी माणसं एकमेकांवर चिडली होती, आणि ट्रकांच्या काचाही फुटल्या होत्या.

यावर सरकारांना सोपा वाटणारा उपाय म्हणजे इंटरनेटच बंद करणं. 7 जून 2023 ला कोल्हापुरात तेच झालं. आदल्या दिवशी काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरला आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. निपाणीचा माणूस दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला कोल्हापूरला जातो. त्या दिवशी सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलं की त्याचा मोबाइल मुका. वाद काही जणांच्या स्टेटसचा, शिक्षा सबंध जिल्ह्याला. अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की असा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो बेमुदत असता कामा नये आणि गरजेपुरताच असला पाहिजे. पुन्हा कधी असं झालं तर आदेशाची प्रत कुठे आहे, हे विचारायला विसरू नकोस.

खासगीपणाचं मी मुद्दाम वेगळं काढलं आहे, कारण ग्रुपवर सर्वांत जास्त पायदळी तुडवला जातो तो हाच हक्क. फेब्रुवारी 2025 मध्ये सुळेभावी-बाळेकुंद्री भागात बसमध्ये कंडक्टर आणि प्रवाशांत भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली. मग त्याच्यावर अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरून पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीचालकाला काळं फासलं, दोन्हीकडच्या बस थांबल्या, 22 मार्चला कर्नाटक बंद झाला. या सगळ्या गदारोळाच्या मधोमध एक मुलगी होती. पोक्सो कायद्याचं कलम 23 सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. तक्रार खरी की खोटी, ते ठरवणं तपासाचं काम. मुलगी मराठी की कानडी, याने कलम बदलत नाही.

खासगीपणाचा हा हक्क देशाला मिळवून देणारे गृहस्थही कर्नाटकातलेच. न्या. के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. वयाच्या ऐंशीनंतर, 2012 साली, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कानडी माणसाने मिळवलेला हा हक्क आज निपाणीतल्या मराठी पोरीच्या मोबाइललाही तितकाच लागू आहे, हे ग्रुपवर जरूर सांग.

यापुढे अधिक सावध राहावं लागेल. डिसेंबर 2025 मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात, हिवाळी अधिवेशनात, विधानसभेने द्वेषभाषण आणि द्वेषगुन्हे रोखण्याचं विधेयक गोंधळात मंजूर केलं. सात वर्षांपर्यंत कैद, आणि द्वेषाच्या कारणांत धर्म-जातीबरोबर भाषाही. भाषेवरून माणसाला मारणाऱ्याला, मारा म्हणणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण सीमाप्रश्नावर मत मांडणं म्हणजे भाषिक द्वेष, असा अर्थ एखाद्या ठाण्यात लावला गेला तर? ही शंका काल्पनिक नाही. इंटरनेटवरचा आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ आठव. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली; एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. श्रेया सिंघल प्रकरणात 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द झालं. तरीही पोलीस ते लावतच राहिले. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाला असे खटले थांबवण्याचे आदेश द्यावे लागले.

म्हणून ग्रुपवर एवढं लिहून वरती पिन करून ठेव. व्हिडिओ टाकायचा तर तारीख, ठिकाण आणि मिळाला तर सबंध टाकायचा. नेत्याच्या नावाचं ट्विट आलं तर आधी त्याचं मूळ खातं उघडून पाहायचं. लहान मुलांचे, बायकांचे चेहरे, कुणाचा नंबर, घराचा पत्ता टाकायचा नाही. मारा-तोडाची भाषा लगेच काढायची. पण सीमाप्रश्नावर उलटं मत आलं म्हणून कुणाला काढायचं नाही. पोलिसांनी बोलावलं तर लेखी नोटीस मागायची आणि वकिलाला घेऊन जायचं. मोबाइल ताब्यात घेतला तर जप्तीच्या यादीची प्रत घ्यायची. असं काही झालं तर रात्र असो की पहाट, मला फोन कर. कागद तालुका कोर्टात जावोत की धारवाडच्या खंडपीठात, मी बघते.

आणखी एक कर. तुमच्या मंडळात कानडी शाळेत शिकलेला तो पोरगा आहे ना, गणपतीत ज्याने वर्गणीचा हिशेब ठेवला होता, त्याला विचारून बरोबरीने ॲडमिन करून घे. कानडीत आलेल्या मजकुरात काय आहे ते तो सांगेल, मराठीतलं त्याला तू सांग, आणि एखाद्याला काढायची वेळ आली तर दोघांच्या संमतीनेच काढा. तो हो म्हणाला का, ते कळव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या