हाताला हात न लावणारा डॉक्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज संपलं एकदाचं, त्यामुळे हा वीकेंड आपला. :)

आमचं गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्ह्याचं टोक, झरी जामणी तालुका, पलीकडे तेलंगणा. काका-काकू तिथेच असतात, मी पुण्यात. काकूला बीपी आहे. पूर्वी डॉक्टरला दाखवायचं म्हणजे वणी, म्हणजे अख्खा दिवस गेला. आता घरच्या मशीनवर बीपी मोजायचं, वहीत लिहायचं आणि व्हिडिओवर सांगायचं. दहा मिनिटांत काम! काकूला मात्र पटत नाही. "हाताले हात बी नाही लावला, न् दवा लिहून देल्ली!"

हसू नका. आपणही रिमोट डीबगिंग करतोच की. लॉग नीट असले तर घरबसल्या बग सापडतो, नसले तर सर्व्हरपाशी जाऊन बसावं लागतं. काकूची वही म्हणजे लॉग. मार्च 2020 मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यातही थोडंफार हेच आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरकडे, त्याच दुखण्यासाठी केलेला कॉल तो फॉलो-अप. नव्या पेशंटला काही औषधं व्हिडिओ असेल तरच लिहायची, आणि अमली औषधं अजिबात नाहीत.

खरी परीक्षा होते ती कपाशीच्या फवारणीत. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सुरुवात साधीच असते हो... मळमळ, घाम, डोकं दुखणं. ऊन लागलं असेल म्हणून माणूस झोपून राहतो. बारीक झालेल्या बाहुल्या, छातीतली घरघर, मंदावलेली नाडी हे व्हिडिओवर कसं कळणार? आमच्याकडच्या नेटवर तर चेहऱ्याचेच चौकोन होतात.

मागच्या पावसाळ्यात काका फवारणीवरून आले आणि ओकायला लागले. मी पुण्यातून कॉल जोडून दिला. डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले. फवारणी केली का? डबा कोणता? मग म्हणाल्या, फोन ठेवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डबा सोबत घ्या आणि लगेच निघा. दीड मिनिटाचा कॉल! माझ्या मते त्या ॲपवरचा सगळ्यात चांगला. पुढे दवाखान्यात ॲट्रॉपिन दिलं. त्याचा डोस छातीला स्टेथोस्कोप लावून आणि नाडी बघून पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो. ते काम फोनचं नाहीच. काका वाचले.

मला पटतो तो मधला मार्ग. 2019 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ई-संजीवनीत उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटशेजारी बसून मोठ्या डॉक्टरशी बोलतो. हात इथले, डोकं तिकडचं. आमच्याकडच्या कोलाम पोडांवर तर याला पर्याय दिसत नाही. म्हातारी कोलामीत सांगणार आणि स्क्रीनवरचा डॉक्टर नुसता मान हलवणार. शेजारी भाषा कळणारं कुणीतरी हवंच ना?

असो. यंदा फवारणीआधी काकांना गॉगल, मास्क आणि रबरी हातमोजे पाठवलेत. काकू सांगत होती, हातमोजे गोठ्यात खुंटीला टांगून आहेत.